रोजमेळ की रोजकिर्द?



मागील अंकातील कोड्याची जी उत्तरे आली, त्यांत बहुतेकांनी सात शब्द अचूक भरले आणि आठव्या शब्दावर दोन तट पडले. ‘१ उभा’ या शब्दाच्या चार घरांत काहींनी ‘रोजमेळ’ लिहिले, काहींनी ‘रोजकिर्द’. दोन्ही शब्द चार अक्षरांचे, दोन्हींचा आरंभ ‘रोज’ने आणि दोन्ही पेढीवरचे. ज्या एका घरात हा शब्द आडव्या शब्दाला छेदतो, त्या घरातही दोहोंचे अक्षर ‘ज’ हेच. निफाडकडील एका ज्येष्ठ वाचकांनी दोन पानी पत्र लिहून ‘रोजकिर्द’ची बाजू मांडली आहे. त्यांच्या वडिलांच्या धान्याच्या पेढीवर हाच शब्द चालत असे, आणि दिवसाचा शेवटही त्याच वहीत होत असे, असे ते लिहितात. पत्र इतके मुद्देसूद आहे की त्याचे उत्तर चार ओळींत देणे योग्य होणार नाही. म्हणून यावेळी नवे कोडे छोटे ठेवून जुन्याचाच उलगडा सविस्तर करतो.

मागील अंक हाताशी नसेल त्यांच्यासाठी संकेत पुन्हा देतो. चौकट पाच घरे रुंद आणि सहा घरे उंच होती. कंसातील आकडा अक्षरांचा.

आडवे शब्द
२. ओंजळीत आले आणि ओंजळीतून गेले, दोन्ही एका शब्दात (४)
४. उलटा वाचा वा सुलटा, हुंडीतून कापला जाणारच (३)
६. छापा दिसो वा काटा, वाजवून घ्यावीत अशी (२)
७. घरोघरी निराळी ऐकू येते, लिलावात चढत जाते (२)

उभे शब्द
१. दिवस मावळताना पेटीची आणि वहीची गाठ घालून देणारा (४)
३. रोजची नोंद ज्याच्या त्याच्या घरी नेऊन पोचवणारी (४)
५. तगाद्याची लेक; उशिरा आली तरी घरी आनंद (३)
६. हजेरीपटावर पुष्कळ, वहीत मात्र जमेच्या समोर (२)

कोडे विषयबद्ध आहे एवढेच सांगितले होते. विषय कोणता ते मुद्दाम सांगितले नव्हते. साध्या शब्दकोड्यात प्रत्येक शब्द आपापल्या वाटेने आलेला असतो. नदीशेजारी भाजी आणि भाजीशेजारी एखादा पौराणिक राजा बसलेला चालतो. विषयबद्ध कोड्यात सगळी मंडळी एकाच घरची असतात, आणि त्यांचे कूळ एकदा ओळखले की उरलेले चेहरे झटकन ओळखू येतात. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात ही प्रथा चांगलीच रुजली आहे. तेथे सोमवारपासून शनिवारपर्यंत कोडे चढत्या क्रमाने कठीण होत जाते. सोमवार ते गुरुवारच्या कोड्यांना बहुधा एक सूत्र असते, शुक्रवार-शनिवारची कोडी बहुधा सूत्राविना असतात. गंमत अशी की या दैनिकाने क्रॉसवर्डला बरीच वर्षे दाराबाहेर उभे केले होते. आर्थर विन यांनी पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले, ‘टाइम्स’ने मात्र रविवारचे कोडे १९४२ मध्ये आणि रोजचे कोडे १९५० मध्ये सुरू केले.

आता आपल्या कोड्याकडे वळू. सोडवताना पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केलीच पाहिजे, असा दंडक नाही. ज्या संकेताचे उत्तर निःशंक सुचते तेथून निघावे, आणि पेन नव्हे तर पेन्सिल घ्यावी. येथे बहुतेकांची सुरुवात २ आडव्यापासून झालेली दिसते. आले आणि गेले, दोन्ही एका शब्दात, म्हणजे ‘जमाखर्च’. ज-मा-ख-र्च अशी चार घरे भरली. (‘र्च’ हे जोडाक्षर एकाच घरात लिहायचे, हा आपल्या सदराचा नियम नव्या वाचकांनी ध्यानात घ्यावा.) या एका शब्दाने दोन दारे उघडली. ‘ज’ गेला १ उभ्यात, ‘ख’ गेला ३ उभ्यात.

३ उभा ‘ख’पासून सुरू होणारा चार अक्षरी शब्द. संकेतात ‘पोचवणारी’ म्हटले आहे, म्हणून शब्द स्त्रीलिंगी. दिवसभराच्या नोंदी एका वहीत ओळीने पडतात. तेथून गणपतरावांचे गणपतरावांच्या खात्यात आणि कापडवाल्याचे कापडवाल्याच्या खात्यात नेऊन बसवायचे काम ‘खतावणी’ करते. ज्याच्या त्याच्या घरी म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यात. येथपर्यंत आलेल्या चतुर वाचकाला जमाखर्च आणि खतावणी या दोन शब्दांवरूनच विषय उमगला असणार. हे कोडे पेढीचे आहे.

विषय कळल्यावर ४ आडवा फार वेळ घेत नाही. खतावणीतला ‘व’ हे त्याचे पहिले अक्षर. उलटसुलट सारखाच वाचता येतो, म्हणजे तिसरे अक्षरही ‘व’. मध्ये एक घर रिकामे, आणि शब्द हुंडीशी संबंधित. हुंडीची मुदत भरण्याआधी पैसे हवे असतील तर सावकार काही रक्कम कापून घेऊन उरलेली हाती ठेवी. ती कापलेली रक्कम म्हणजे ‘वटाव’. धनादेश ‘वटला’ असे आपण आजही म्हणतो, पण वटाव मात्र बोलण्यातून गेला. एका भगिनींनी कळवले आहे की त्यांच्या सातवीतल्या नातीने हा शब्द कधी ऐकला नव्हता, तरी ‘व’ आणि ‘व’ ही दोन टोके तिनेच आधी पकडली. आजोबांना शब्द ठाऊक होता, पण उलटसुलटाचा इशारा त्यांच्या लक्षात आला नव्हता. दोघांनी मिळून तीन अक्षरे पुरी केली. अशी पत्रे आली की कोडे रचण्याचे कष्ट सार्थकी लागतात.

वटावाच्या शेवटच्या ‘व’पासून ५ उभा सुरू होतो. तगाद्याची लेक म्हणजे ‘वसुली’. या शब्दात काहींचा पाय घसरला. ‘वसूल’ लिहिताना ‘सू’ दीर्घ असतो, म्हणून त्यांनी ‘वसूली’ लिहिले. पण शब्दाच्या शेवटी दीर्घ ‘ली’ आली की आधीचा ‘सू’ ऱ्हस्व होतो. ‘फूल’चे ‘फुले’ होते त्याच न्यायाने. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम ज्यांच्या शालेय वयानंतर आले, त्यांच्या लेखणीला जुने वळण असणे स्वाभाविक आहे. ते अजूनही बदलत नाही, याची मला कल्पना आहे. तरीही कोड्यात ऱ्हस्व-दीर्घाची सूट देऊ नये, या मताचा मी आहे. कारण पुढे येईल.

६ आडव्याची गोष्ट सर्वांत मनोरंजक. खतावणीतून ‘णी’ मिळाले आहे, अलीकडे एक घर रिकामे. पाणी, राणी, गाणी, वाणी, नाणी, किती तरी शब्द रांगेत उभे राहतात. पेढीचा विषय डोक्यात असल्याने कित्येकांनी ‘वाणी’ लिहून टाकले, आणि वरवर पाहता त्यांचे काही चुकले असे वाटत नाही. पण आता ६ उभा पाहा. ‘वाणी’ घेतले तर तो शब्द ‘वा’ने सुरू व्हायला हवा, आणि जमेच्या समोरची बाजू ‘वा’ने सुरू होत नाही. ती बाजू ‘नावे’. हजेरीपटावरही नावेच असतात. म्हणून पहिले अक्षर ‘ना’, आणि आडवा शब्द ‘नाणी’. संकेतातले ‘घ्यावीत’ हे नपुंसकलिंगी अनेकवचनही हेच सांगत होते, पण व्याकरणाकडे लक्ष गेले नाही तरी छेदणाऱ्या अक्षराने आपले काम चोख केले. (जाता जाता एक गोष्ट. आपल्या पारंपरिक वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. बँकेत रुजू झाल्यावर जी खातेवही हाती आली तिच्यात नावे डावीकडे. घरी वडिलांची वही आणि शाखेत बँकेची, या दोहोंत डावे-उजवे करताना सुरुवातीचे काही महिने बरीच कसरत होई.)

‘नाणी’ हा शब्द नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा असायला हवा. आपल्या जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाची चांदी वितळवत बसण्यापेक्षा तिच्यावरच आपले नाव उमटवणे स्वस्त पडले असावे, असे माझे बँकेत मुरलेले मन म्हणते.

आणि याच नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, एक लेख आपल्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात आहे. दर्शनाला वा सहलीला आपण सारेच तेथे गेलो आहोत. तो लेख बँकेच्या माणसाने वाचावा असा आहे. उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कहापण (कार्षापण) कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० कहापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीतून वर्षावासातील २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कहापण द्यायचे. आता कागद-पेन्सिल घ्या. २००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, पुन्हा २४०. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावरचा हिशेब आजही जुळतो. हिशेब बरोबर आहे हे ठरवायला आपल्याला उषवदाताला विचारावे लागत नाही. दोन बाजूंनी एकच आकडा येतो, तेवढे पुरते. याला ताळा म्हणतात, आणि कोड्यातही मला तोच हवा असतो.

राहिला ७ आडवा. वसुलीतली ‘ली’ मिळालेली. घरोघरी निराळी ऐकू येते, लिलावात चढत जाते, म्हणजे ‘बोली’. आपल्या मंदिरात बोली ऐकलेल्या मंडळींना हा शब्द शोधावा लागला नसेलच.

भरलेली चौकट अशी दिसते :

रो ■ ■ ■ ■
ज मा ख र्च ■
मे ■ ता ■ ■
ळ ■ व टा व
■ ना णी ■ सु
■ वे ■ बो ली

एकूण १७ अक्षरे. त्यांपैकी सातच घरांत आडवा आणि उभा शब्द एकमेकांना छेदतात. उरलेली दहा घरे एकेरी आहेत, म्हणजे त्यांतील अक्षराची साक्ष देणारा दुसरा शब्द नाही. अमेरिकन कोड्यात प्रत्येक अक्षर दोन शब्दांत बसावे, असा दंडक असतो. तेथे ते साधते, कारण त्यांची अक्षरे सव्वीस. आपल्याकडे चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर रूपे, शिवाय जोडाक्षरे निराळी. ‘क’ला ‘क’ छेदतो, ‘की’ छेदत नाही. ताळेबंदातला ‘ळे’ रोजमेळातल्या ‘ळ’ला चालत नाही, मुद्दलातला ‘द्द’ दलालीच्या ‘द’ला चालत नाही. म्हणून मराठी चौकटीत काळी घरे अधिक दिसतात आणि एकेरी घरेही अधिक. यात रचनाकाराचा आळस नसतो, तो आपल्या लिपीचा स्वभाव आहे. पण त्यामुळे एक जबाबदारी वाढते. चौकट जेथे साक्ष देऊ शकत नाही, तेथे संकेताने ती दिली पाहिजे. ‘वसुली’तला ‘सु’ असाच एकेरी घरातला. तेथे शुद्धलेखनाचा नियमच साक्षीदार, आणि त्यालाही सूट दिली तर मग त्या घरात काहीही लिहिलेले चालेल.

यावरून निफाडच्या पत्राकडे येतो. १ उभ्यातील ‘ज’ तेवढा छेदला जातो. ‘रो’ एकेरी, आणि खालची ‘मे’ व ‘ळ’ ही घरेही एकेरी. चौकटीच्या दृष्टीने दोन्ही शब्द सारखे बसतात, हे पत्रलेखकांचे म्हणणे अगदी खरे. विषयाच्या दृष्टीनेही दोन्ही पेढीचेच. मग निवाडा कोण करणार? संकेत पुन्हा वाचा : ‘दिवस मावळताना पेटीची आणि वहीची गाठ घालून देणारा’. ‘देणारा’ पुल्लिंगी. रोजमेळ पुल्लिंगी, किर्द आणि रोजकिर्द स्त्रीलिंगी. खतावणीला ‘पोचवणारी’ म्हटले आणि येथे ‘देणारा’, हा फरक सहज झालेला नाही. दुसरी साक्ष ‘गाठ घालणे’ या शब्दांची. गाठ घालणे म्हणजे मेळ घालणे, आणि तो ‘मेळ’ उत्तरातच उभा आहे. तिसरी साक्ष व्यवहाराची. रोजकिर्दीत दिवसभराची नोंद घडेल तशी ओळीने उतरते; सायंकाळी आरंभीची शिल्लक, आलेली रक्कम आणि गेलेली रक्कम यांवरून उरायला हवी ती शिल्लक काढून ती पेटीतील रोकडीशी पडताळणे, हा रोजमेळ. कित्येक पेढ्यांवर दोन्ही कामे एकाच वहीत होत आणि वहीचे नाव रोजकिर्दच असे, ही पत्रातील माहिती मोलाची आहे. पण संकेत वहीबद्दल विचारत नाही, वही आणि पेटी यांच्या गाठीबद्दल विचारतो.

ज्यांनी बँकेच्या शाखेत संगणकापूर्वीचे दिवस पाहिले आहेत, त्यांना ही गाठ सांगावी लागणार नाही. रोकड जुळल्याशिवाय दार बंद होत नसे. पाच रुपये कमी आले तरी शोध चाले आणि पाच रुपये जास्त आले तरी. जास्त आले म्हणून कोणी हसत घरी जात नसे.

पत्र वाचल्यावर संपादक मंडळातील एका स्नेह्यांनी सुचवले, ‘ज्येष्ठ आहेत, एवढे अभ्यासपूर्ण लिहिले आहे, अचूक उत्तरांच्या यादीत त्यांचेही नाव घालून टाका.’ बक्षीस म्हणून आपण केवळ नाव छापतो, त्यात पैशाचा प्रश्न नाही. तरीही मी नम्रपणे नकार दिला, आणि त्याचे कारण जरा जुन्या इतिहासात आहे.

आज शब्दकोडे म्हणजे निरुपद्रवी विरंगुळा. पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात रोख बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते, आणि त्यात कष्टाचा पैसा जाऊ लागला होता. तत्कालीन मुंबई राज्याने १९४८ मध्येच लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. आपला नाशिक जिल्हाही त्याच राज्यात होता. ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ ही त्या काळची गाजलेली स्पर्धा ‘स्पोर्टिंग स्टार’ या बंगळूरहून निघणाऱ्या पत्रातून चाले आणि मुंबई राज्यात तिचा मोठा प्रसार होता. राज्याबाहेर छापलेल्या पत्रांतील स्पर्धाही कायद्याच्या कक्षेत याव्यात म्हणून १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल स्पर्धाचालकांच्या बाजूने लागला. पुढे ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी त्या निकालपत्रात म्हटले की जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मागता येत नाही.

शब्दकोडे जुगार कसे ठरले, हा मुद्दा आपल्या कामाचा आहे. त्या स्पर्धेतील संकेतांना दोन-दोन शब्द लागू पडत, आणि दोन्ही जवळजवळ सारखेच योग्य. त्यांतला कोणता ‘बरोबर’, हे संयोजकांनी आधीच निवडून सीलबंद करून ठेवलेले. सोडवणाऱ्याने कितीही विचार केला तरी शेवटी दुसऱ्याच्या मनातला शब्द ओळखायचा. हे शब्दज्ञान नव्हे, दैवावर हवाला. आता साधे गणित करा. असे आठ संकेत असतील तर भरण्याच्या २५६ तऱ्हा होतात, दहा असतील तर १०२४. एकच प्रवेशिका पाठवणाऱ्याची आशा किती, आणि आशा वाढवायला पदरचे किती शुल्क भरावे लागेल, हे शाळकरी मुलगाही सांगेल. स्पर्धकाच्या डोळ्यांपुढे मात्र बक्षिसाचा आकडा असतो, हा नाही.

संसदेनेही १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धा कायदा केला. महिन्याला १००० रुपयांहून अधिक बक्षीस नाही, २००० हून अधिक प्रवेशिका नाहीत, आणि त्याखालच्या स्पर्धेलाही परवाना हवा, अशी त्याची बंधने. त्याविरुद्धच्या याचिकेवरही सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी निकाल दिला. न्यायालय म्हणाले की हा कायदा दैवावर चालणाऱ्या स्पर्धांनाच लागू आहे; ज्या स्पर्धेतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती त्यात येत नाही. म्हणजे शब्दकोडे हे नाव सारखे असले तरी उत्तर कसे ठरते, यावर त्याची जात ठरली.

आता माझी अडचण लक्षात येईल. वयाचा, अभ्यासाचा किंवा ओळखीचा मान राखून मी एका उत्तराला ‘चालेल’ म्हटले, तर पुढच्या वेळी दुसऱ्याला ‘चालणार नाही’ कोणत्या तोंडाने म्हणू? मग उत्तर संकेतातून निघणार नाही, ते माझ्या मर्जीच्या पाकिटात सीलबंद राहील. शाळकरी मुले हे कोडे सोडवतात. त्यांना ‘असे का?’ विचारल्यावर बोट ठेवून दाखवता येईल असे उत्तर माझ्यापाशी असले पाहिजे. येथे बोट ‘देणारा’वर आणि ‘गाठ’वर ठेवता येते, म्हणून ‘रोजमेळ’ हेच उत्तर कायम. संकेतात ‘देणारी वही’ असते तर मी ‘रोजकिर्द’ मुकाट्याने मान्य केले असते आणि ‘रोजमेळ’ लिहिणाऱ्यांची समजूत घालत बसलो असतो.

निफाडच्या काकांना हे सारे मी पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आठवड्याभरात आले. निवाडा त्यांनी स्वीकारला असे म्हणवत नाही. ‘वहीला लिंग असते, पेढीला नसते’ असे एक तिखट वाक्य त्यात आहे. पण सोबत त्यांनी वडिलांच्या वहीतले पेढीचे चौदा-पंधरा शब्द अर्थांसह लिहून पाठवले आहेत : तेरीज, बयाणा, विसार, अडत, कसर, हातउसने आणि आणखी काही. संपादकांनी जागा दिली तर ते शब्द त्यांच्या नावासह एखाद्या अंकात छापावेत, अशी माझी शिफारस आहे. यातले दोन शब्द मलाही जुना कोश उघडून पाहावे लागले.

विषय ओळखण्याच्या बाबतीत एक सूचना. काही वाचकांनी विषय ‘बँक’ असा लिहिला, काहींनी ‘पैसा’, काहींनी ‘व्यापार’. मी ‘पेढी’ आणि ‘हिशेबाची वही’ ही दोन उत्तरे मान्य केली. ‘बँक’ घेतले नाही, कारण वटाव, नावे, वसुली बँकेत आहेत, पण लिलावातली बोली आणि खणखणीत वाजवून घ्यायची नाणी बँकेच्या काउंटरपेक्षा बाजारपेठेत अधिक शोभतात. ‘पैसा’ फारच सैल. आठही शब्द ज्यात बसतात आणि नवव्याला सहज आत येता येत नाही, असा सर्वांत आटोपशीर शब्द विषय म्हणून लिहावा.

यावेळच्या छोट्या कोड्यात चौकट नाही. तीन संकेत आणि त्यांना बांधणारा एक विषय एवढेच आहे. तिन्ही शब्द तीन अक्षरांचे. पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याचे शेवटचे अक्षर एकच आहे. तिसऱ्याचे शेवटचे अक्षर निराळे, तेव्हा तेथे जपून.

१. बुडत्याला हवे असते, कर्जदाराला द्यावे लागते.
२. दागिना घरातून गेला पण विकला नाही, तर तो असा पडतो.
३. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली सही करून झोप घालवणारा.

उत्तरे आणि विषय पोस्टकार्डावर, महिनाअखेरपर्यंत संपादकांच्या पत्त्यावर पाठवावीत. तिसऱ्या शब्दातील मधल्या अक्षराची वेलांटी कोणती, हे लिहिताना विसरू नये.